पहिला पिक्चर पुन्हा लागतोय, जाऊ का?

पत्र

ताई,

मी मालिकांमध्ये काम करते, हल्ली आईच्या भूमिका. वय ४१. एकोणिसाव्या वर्षी लातूरहून मुंबईला आले आणि वर्षाच्या आत एका मराठी विनोदी पिक्चरची हिरॉइन झाले. तालुक्याच्या गावांत तो बरा चालला. प्रीमियरनंतर मी तो कधीच पाहिला नाही, टीव्हीवर लागला की चॅनेल बदलते. त्यात आवाजसुद्धा माझा नाही. माझं बोलणं हिरॉइनला शोभत नाही म्हणून दुसऱ्या बाईंकडून डबिंग करून घेतलं होतं. मध्यंतराआधी हिरो मला भर बाजारात थप्पड मारतो आणि लगेच पुढच्या गाण्यात मी त्याच्या प्रेमात पडते. (थप्पड खरीच बसली होती, पण ते जाऊ दे.)

आता निर्मात्याच्या मुलाने पिक्चर स्वच्छ करून घेतलाय. पुण्या-मुंबईत काही थिएटरांत लावतोय. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी स्टेजवर गप्पा मारायच्या असं ठरलंय. माझ्या वडिलांचं काम केलेले काका आता नाहीत, दिग्दर्शकही नाहीत. माझी सोळा वर्षांची मुलगी म्हणते, मला बघायचाच आहे. तिच्या वर्गात थप्पडेचं रील फिरून झालंय. सेटवरची मंडळी म्हणतात जा, फुकटची प्रसिद्धी आहे. नवरा म्हणतो, नको वाटतंय तर जाऊ नकोस आणि यूट्यूबवरूनही काढायला लाव. मला दोन्ही पटतं. काय करू?

आईच्या भूमिकेतली, ठाणे

उत्तर

जा. पण बावीस वर्षांनी तो पिक्चर पहिल्यांदा बघाल तो भरलेल्या थिएटरात, समोर मोबाईल उगारलेले असताना, असं होऊ देऊ नका. आधी घरी बघा. कसा बघायचा तेही सांगते. त्याआधी तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यात त्या सोडवूया, कारण तिन्हींवरचा उपाय एक नाही.

पहिली आहे कामाची लाज. 'काय ते माझं बघणं, काय ते चालणं!' ही लाज मला चांगली ओळखीची आहे. सदर लिहायला लागण्याआधी मी बरीच वर्षं एडिटिंगच्या खोलीत काढली. नट रशेस, म्हणजे शूट झालेले कच्चे तुकडे, बघायला आला की सीन बघत नाही. नवा असेल तर स्वतःचे हात बघतो, मुरलेला असेल तर हनुवटी. समोरच्याने त्याच टेकमध्ये काय बहार आणली होती ते विचारलंत तर सांगता येणार नाही. तुमच्या डोक्यात जो पिक्चर बसलाय तो असाच, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने प्रीमियरच्या अंधारात स्वतःचे हात बघत पाहिलेला आहे. तो तसाच राहिलाय, कारण नंतर तुम्ही चॅनेल बदलत आलात. आज तुम्ही दिवसाचे बारा बारा तास सेटवर असता. नवी मुलगी येते, मार्क सोडून उभी राहते, वाक्य संपायच्या आत कॅमेऱ्याकडे बघते, आणि तुम्ही तिला बाजूला घेऊन सांगता. या नजरेने तुम्ही स्वतःचं ते काम एकदाही पाहिलेलं नाही.

आणि सुरुवात फसली म्हणून कुणी संपत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. दुर्गा खोट्यांचं पहिलं काम १९३१च्या 'फरेबी जाल'मधलं, तेही छोटंसं. प्रतिष्ठित घरातली सून पडद्यावर आली, तीही असल्या पिक्चरमध्ये, म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पुढच्याच वर्षी त्या प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती झाल्या. पुढे पन्नासेक वर्षांनी आत्मचरित्र लिहिताना तो पहिला प्रकार गाळून टाकायची त्यांना पूर्ण मुभा होती. त्यांनी तो लिहिला. १९८३चा फाळके पुरस्कार मिळालेल्या बाईंचं त्यातून काय बिघडणार होतं?

आता यजमानांच्या सूचनेबद्दल. ते तुमच्या काळजीपोटीच म्हणतायत, पण काढायला लावायच्या भानगडीत पडू नका. एक तर हक्क बहुधा निर्मात्याकडे असणार, तुमच्या जुन्या कराराच्या कागदावर ते दिसेलच. दुसरं म्हणजे हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन, त्याची गोष्ट ऐका. 'द सिल्व्हर चॅलिस' हा त्याचा पहिला पिक्चर १९५४चा, आणि त्याला त्याची मनापासून लाज वाटायची. साठच्या दशकात तो टीव्हीवर दाखवणार असं कळल्यावर त्याने पदरचे पैसे घालून वर्तमानपत्रात जाहिरात दिली आणि प्रेक्षकांची माफी मागितली. झालं काय, तर एरवी ज्यांनी ढुंकून पाहिलं नसतं त्यांनीही कुतूहलाने टीव्ही लावला. तुमच्या बाबतीत तर आज मोबाईल आहेत. 'अभिनेत्रीने काढायला लावलेला सीन' असा मथळा तुम्हीच लोकांच्या हातात द्याल.

तर बघायचा कसा. पहिल्या वेळी आवाज पूर्ण बंद करून बघा. ही माझी युक्ती नाही, एडिटिंगमध्ये सीन अडला की असंच करतात. तुमच्या बाबतीत तर ते फारच लागू पडतं, कारण त्या पिक्चरमधला आवाज काढून टाकला की उरेल ते सगळं तुमचं. डोळे, मान, उभं राहणं, समोरच्याचं ऐकणं. बावीस वर्षं तुम्ही जे काम 'माझं' म्हणून नाकारताय त्यातलं अर्धं दुसऱ्याच बाईंचं आहे, आणि उरलेलं अर्धं तुम्ही कधी सुटं करून पाहिलेलंच नाही. माझा अंदाज सांगू? काकांबरोबरच्या सीनमध्ये तुम्ही बऱ्या दिसाल आणि गाण्यात अवघडलेल्या. नवख्या मुलींचं बहुतेक असंच असतं. समोर चांगला जुना नट असला की त्या आपोआप ऐकायला लागतात, आणि कॅमेऱ्यापुढे ऐकता येणं हेच निम्मं काम. थांबवत बघा, गाणी पुढे ढकला, काही हरकत नाही. परीक्षा नाहीये.

दुसऱ्या वेळी आवाज लावा आणि त्या बाईंचं काम ऐका. लातूरची मुलगी पडद्यावर, आणि तोंडी पुण्यातली सफाईदार भाषा. ज्या प्रेक्षकांना तो पिक्चर आवडला ते तुमच्या मुलखातलेच होते, ही त्यातली गंमत. आवाज बदलणं ही तुमच्या एकटीच्या नशिबी आलेली गोष्ट नव्हे. राणी मुखर्जीचा 'गुलाम'मधला आवाज मोना घोष शेट्टी यांचा आहे. त्याच वर्षी, १९९८ला, 'कुछ कुछ होता है'मध्ये तिचा स्वतःचा बसका आवाज तसाच ठेवला आणि पुढे लोक तिला त्या आवाजावरूनच ओळखू लागले. श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी कामांतही दुसऱ्यांचे आवाज आहेत. १९८६च्या 'आखरी रास्ता'त तर तिच्या तोंडून चक्क रेखा बोलते. तेव्हा ज्यांनी तुमचा आवाज काढला त्यांच्यावर राग धरा, खुशाल धरा. ज्यांनी आवाज दिला त्या बाईंवर नको. त्यांचं नाव श्रेयनामावलीत आहे का, ते बघून ठेवा. त्याचं पुढे काम आहे.

आता दुसरी गोष्ट, थप्पडेचा सीन. इथे तुमचा अभिनय बरा की वाईट याला काही अर्थ नाही. उलट तो सीन तुम्ही चांगला केला असेल तर तो जास्तच टोचेल. आणि इथेच तुमची मुलगी येते.

मॉली रिंगवाल्ड नावाची अमेरिकन नटी आहे. ऐंशीच्या दशकात जॉन ह्यूजच्या पिक्चरमधून ती तिकडच्या शाळकरी पोरापोरींची लाडकी झाली. १९८५च्या 'द ब्रेकफस्ट क्लब'मध्ये पाच मुलांना शिक्षा म्हणून शनिवारी शाळेत बसवून ठेवलेलं असतं. त्यातला एक टारगट मुलगा तिला दिवसभर छळतो, टोमणे मारतो, टेबलाखाली लपलेला असताना तिच्या स्कर्टमध्ये डोकावतो. आणि शेवटी तीच त्याच्या प्रेमात पडते. शूटिंगच्या वेळी ती सोळा वर्षांची होती, म्हणून टेबलाखालच्या त्या शॉटसाठी वयाने मोठी असलेली दुसरी बाई घेतली. त्याने तिची लाज गेली नाही. पुढे तिच्या दहा वर्षांच्या मुलीनेच हट्ट धरला की मला तुझा पिक्चर बघायचाय. आई धास्तावली. तो सीन आल्यावर पोरगी काय विचारेल, आपण काय सांगणार? झालं भलतंच. मुलीला त्या सीनचं काही विशेष वाटलं नाही. तिला जवळचा वाटला तो अभ्यासाच्या दडपणाखाली पिचलेला हुशार मुलगा, आणि त्यावरून तिने आईलाच तुझीही अपेक्षा तशीच असते असं सुनावलं. आई मात्र तो सीन डोक्यातून काढू शकली नाही. २०१८ साली तिने 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात मोठा लेख लिहिला. ज्या दिग्दर्शकाने तिला नाव मिळवून दिलं त्याच्याच पिक्चरमधल्या बायकांच्या वागवणुकीबद्दल ती त्यात स्पष्ट बोलली, आणि त्याच लेखात हेही लिहिलं की एकाकी पडलेल्या कितीतरी मुलांना त्या पिक्चरने आधार दिला होता. दोन्ही खरं आहे असं म्हणून ती थांबली. हिशेब मिटवायच्या फंदात पडली नाही, आणि मला तिचं तेच आवडलं.

तुमची लेक सोळाची आहे. तिला तो सीन समजणार, आणि कदाचित ती तुमच्यावर चिडेलही. चिडू दे. पण एक लक्षात घ्या, थप्पड तिने पाहिली आहे. तीस सेकंदांच्या त्या रीलमध्ये तुम्ही फक्त मार खाणारी बाई आहात. तिने पाहिलेले नाहीत ते बाकीचे दोन तास. आता लपवण्यासारखं उरलंय काय? तेव्हा तुमचं बघून झालं की तिच्याबरोबर बसा. प्रस्तावना करू नका, 'तो काळच वेगळा होता' हे तर अजिबात म्हणू नका. कारण काळ काही फार लांबचा नाही, आणि तेव्हाही ते चूकच होतं हे तिला तुमच्याआधी कळेल. विचारलं तर सांगा की एकोणिसाव्या वर्षी सेटवर हिरॉइनला 'नाही' म्हणता येतं, हेच तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वाक्यात सबब नाही, माहिती आहे. तिला उद्या नोकरीत कामाला येईल अशी माहिती.

आता तिसरी गोष्ट, कंसातलं वाक्य.

'थप्पड खरीच बसली होती, पण ते जाऊ दे.' अख्ख्या पत्रात तुम्ही एकच वाक्य कंसात टाकलंत आणि त्याच वाक्यात मला ते विसरायलाही सांगितलंत. मला नाही जाऊ देता येत. पडद्यावरची थप्पड कशी मारतात हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा ते आधी ठरतं, हात गालासमोरून जातो, मार खाणाऱ्याने मान झटकायची आणि आवाज नंतर साउंडवाला भरतो. हात लागायचं कारणच नसतं. कधी टायमिंग चुकून लागतोही. मग 'कट' होतो, बर्फ येतो, समोरचा माणूस चार वेळा माफी मागतो. तुमचं तसं झालं असतं तर तुम्ही 'खरीच' लिहिलं नसतं, 'चुकून' लिहिलं असतं. तेव्हा मी असं धरून चालते की कुणीतरी ती खरी मारायची असं ठरवलं होतं आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं.

१९७२च्या 'लास्ट टँगो इन पॅरिस'ची नायिका मारिया श्नायडर शूटिंगच्या वेळी १९ वर्षांची होती, तुमच्याच वयाची. तिच्यावरच्या बलात्काराच्या सीनमध्ये काय वापरायचं हे दिग्दर्शक बेर्तोलुच्ची आणि नायक मार्लन ब्रँडो यांनी आपसांत ठरवलं आणि तिला ते आधी नीट सांगितलं नाही. त्या सीनमधलं रडणं खरं आहे आणि त्या दिवशी आपला अपमान झाला, असं तिने २००७ साली मुलाखतीत उघड सांगितलं. ती २०११ साली गेली. त्यानंतर २०१३ साली बेर्तोलुच्चीने कबूल केलं की तिला मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण त्याला नटीची नव्हे तर मुलीची प्रतिक्रिया हवी होती. नटीकडून अभिनय मागायचा सोडून तिला दुखवून घ्यायचं, याला मी तरी दिग्दर्शन म्हणत नाही. नायिकेच्या गालावर खरी थप्पड मारायला लावणारा दिग्दर्शकही त्याच रांगेतला, मग तो पिक्चर विनोदी असो नाहीतर जगप्रसिद्ध.

म्हणून सुरुवातीला जे 'जा' म्हटलं ते या एका अटीवर. घरी तो सीन बघताना, किंवा त्या हिरोशेजारी खुर्ची टाकून बसायचं आहे या नुसत्या विचाराने, पोटात कालवाकालव होत असेल तर जाऊ नका. कारण कुणालाही देऊ नका. 'शूटिंग आहे' एवढं पुरतं, आणि आपल्या धंद्यात ते बहुतेक वेळा खरंच असतं. आणि नुसता संकोच असेल तर जा, पण ही थप्पड सांगायची की नाही, कुणाला सांगायची, हे तुमच्याच हातात ठेवा. मुलीला सांगावंसं वाटेल, तिला सांगा. हिरोला एक फोन करून 'त्या दिवशी तुला माहीत होतं का रे?' असं विचारावंसं वाटेल, तर विचारा. काय उत्तर येईल ते मी सांगू शकत नाही. तो तेव्हा तुमच्याइतकाच नवा होता की आधीचा नावाजलेला, यावरही बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण स्टेजवर पहिल्यांदा त्याच्याकडे बघण्यापेक्षा आधी फोनवर बोललेलं बरं.

स्टेजवर गेलात तर एक गोष्ट करू नका. पिक्चरची टिंगल करू नका. अवघडलेला माणूस हमखास तेच करतो, आपणच आधी हसून घ्यावं म्हणजे दुसरं कुणी हसणार नाही. ख्रिस्तोफर प्लमर हा कॅनडाचा मोठा रंगभूमीवरचा नट. १९६५च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'मधला कॅप्टन त्याने केला आणि पुढे कित्येक वर्षं तो त्या पिक्चरच्या नावाचं शेंबडं विडंबन करत हिंडला. तुमच्यासारखंच त्याचंही एक दुखणं होतं. गाणी त्याच्या आवाजात नाहीत, बिल ली नावाच्या गायकाच्या आवाजात आहेत. मग कधीतरी मुलांच्या एका ईस्टर पार्टीत त्याला तो अख्खा बसून बघावा लागला, आणि बघता बघता तो स्वतःच रंगून गेला. हे त्याने आत्मचरित्रात लिहिलंय. २०१५ साली पन्नास वर्षांनिमित्त हॉलिवूडमध्ये खास खेळ झाला, तेव्हा पिक्चरची नायिका ज्युली अँड्र्यूज हिच्याबरोबर तो हजर होता. त्याला वेळ लागला, पण त्याच्या टिंगलीमुळे मधल्या काळात दुखावले गेले ते तो पिक्चर जिवाभावाने बघणारे लोक. तुमच्या खेळालाही अशी माणसं येतील. उदगीर-अहमदपूरकडे टुरिंग टॉकीजमध्ये आईच्या मांडीवर बसून तो पाहिलेला कुणीतरी आता हिंजवडीत नोकरी करत असेल, तो तिकीट काढून येईल. त्याच्यासमोर 'काय बाई आम्ही करत होतो तेव्हा!' असं म्हणायचं नाही.

आणि त्यात गेलेली माणसं आहेत. २०२४च्या मे महिन्यात कान महोत्सवात श्याम बेनेगलांचा 'मंथन' पुन्हा दाखवला, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने नव्याने दुरुस्त केलेली प्रत. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून १९७६ साली उभा केलेला तो पिक्चर. नसीरुद्दीन शाहचं ते अगदी सुरुवातीचं काम. भूमिकेसाठी तो झोपडीत राहिला होता, म्हशीचं दूध काढायला आणि शेण्या थापायला शिकला होता. कानला खेळ संपल्यावर आपल्या डोळ्यांत पाणी आलं असं त्याने स्वतः सांगितलं. एरवी हा माणूस स्वतःच्या जुन्या पिक्चरबद्दल फार गोड बोलतो अशातला भाग नाही! पण पडद्यावर स्मिता पाटील होती, गिरीश कर्नाड होते, अमरीश पुरी होते, आणि सभागृहात स्मिताच्या जागी तिचा मुलगा प्रतीक. तुमच्याही पिक्चरमध्ये काका आहेत. त्यांच्या घरून कुणाला बोलावलंय का हे निर्मात्याच्या मुलाला विचारा. बहुधा सुचलं नसेल.

तुम्हाला कदाचित वाटत असेल की या एका पिक्चरवरूनच आपल्याला ओळखतील. मालिकेतली आई रोज रात्री घराघरांत दिसते, तेव्हा ती भीती सोडा. जन्मभर एकाच भूमिकेने ओळखलं जाणं काय असतं ते माधव वझ्यांनी पाहिलं. शाळकरी वयात, १९५३ साली, ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'तले श्याम झाले, आणि त्या पिक्चरला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पुढे ते पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाटक शिकवलं, मराठी नाटकावर कसून समीक्षा लिहिली. तरी कुठल्याही समारंभात ओळख करून देताना 'आपले श्याम' हे यायचंच. त्यांनी त्याला झिडकारलं नाही आणि त्यावर पोटही भरलं नाही. त्या पिक्चरबद्दल, अत्र्यांबद्दल सविस्तर लिहून ठेवलं, म्हणजे पुढच्यांना दंतकथांऐवजी काही खरं वाचायला मिळेल. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. तुम्हीही बघून झाल्यावर जे आठवेल ते वहीत लिहून ठेवा. शूटिंग कुठल्या वाड्यात झालं, कपडे कुणी शिवले, बाजाराच्या सीनला गर्दी कुठून आणली. मराठी पिक्चरबद्दल असं कुणी लिहून ठेवत नाही, आणि माणसं भराभर चाललीयत.

थोडं व्यवहाराचंही बोलते. निर्मात्याच्या मुलाला अचानक वडिलांच्या पिक्चरचं प्रेम आलेलं नाही. जुने पिक्चर पुन्हा लावायची सध्या लाटच आहे. २०१८चा 'तुंबाड' २०२४च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. 'सैराट'ही २०२५च्या मार्चमध्ये परत थिएटरात आला. त्यात वाईट काही नाही, पण तो धंदा करतोय हे लक्षात ठेवून त्याच्याशी बोला. 'स्वच्छ केला' म्हणजे नक्की काय केलं तेही विचारून घ्या. पुष्कळदा नुसते रंग भडक करून पोस्टर नवं छापलेलं असतं.

बोलणं तुम्ही स्वतः करा, आणि कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, आधी. सूत्रसंचालक कोण आहे ते विचारा आणि त्याच्याशीही बोलून घ्या. मी पैजेवर सांगते, त्याच्या कागदावर 'थप्पड रिक्रिएट करायची' असं लिहिलेलं असणार. हशा मिळतो ना. ते होणार नाही, आणि त्या सीनचं पोस्टर किंवा रील जाहिरातीत वापरायचं नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, म्हणजे पुरावा राहतो. प्रेक्षकांतून प्रश्न आलाच, आणि येईल, तर एवढं बोलून पुढे जा: 'आज मी तो सीन करणार नाही. तेव्हा नाही म्हणता येतं हे माहीत नव्हतं. या पिक्चरमध्ये मला काकांकडून जे शिकायला मिळालं त्याबद्दल विचारा, त्यावर तासभर बोलेन.' यापुढे कितीही कुणी डिवचलं तरी त्याच वाक्यावर ठाम राहा.

नव्या प्रतीत डबिंग करणाऱ्या बाईंचं नाव नसेल तर ते घालायला सांगा. पाटी अजून बदलता येते, एका शॉटचं काम आहे. त्या हयात असतील तर त्यांनाही बोलवायला सांगा. स्टेजवर तुमच्या शेजारची खुर्ची त्यांना मिळाली तर मला फार आवडेल, आणि हिरोची खुर्ची आपोआप एक घर लांब जाईल.

राहिलं मानधन. 'आपल्या घरचंच कार्य आहे' असं तो म्हणेल. म्हणू दे. तिकिटं घरच्यांना फुकट विकणार आहे का तो? तुमचा शूटिंगचा दिवस जाणार आहे, तेव्हा एका दिवसाचे जे घेता तेवढे मागा, ठाण्याहून जायला-यायला गाडी मागा, आणि मुलीसाठी पुढच्या रांगेतलं तिकीट. ती यायला तयार असेल तर.